बारशाआधीचा थेंब

गणपतीचे दिवस आले की दिल्लीच्या करोल बागेतल्या रैगरपुरा, बीडनपुऱ्याच्या गल्ल्या आमच्या सांगली जिल्ह्याच्या होऊन जातात. विटा, खानापूर, आटपाडी, तासगाव, पलीकडचं माण-खटाव, तिथली गलाई करणारी माणसं कैक वर्षांपासून इथे आहेत. मुशीत सोनं वितळवायचं, तेजाबानं शुद्ध करायचं, सोनारांच्या दुकानातला केर जाळून त्यातलं गुंजभर सोनं परत मिळवायचं, हा आमचा धंदा. भट्टी खाली, संसार वर, आणि गणपतीत सगळेच रस्त्यावर.

दोन वर्षांपूर्वी विसर्जनाच्या मिरवणुकीत ढोल-ताशा छातीत घुमत होता आणि शेजारच्या घरातली दहा महिन्यांची मुलगी बापाच्या खांद्यावर गाढ झोपली होती. आम्ही बायका कौतुकानं बघत होतो. "किती गुणाची पोर गं," असं मीच म्हणाले. त्या वाक्याची मला आज लाज वाटते. पोर गुणाची होतीच, पण झोपली होती ती ढोल ऐकू येत नव्हता म्हणून.

ती दीड वर्षाची झाली तरी 'आई' म्हणेना. घरात नेहमीचंच सांगून झालं. बापही उशिराच बोलला होता. दोन भाषा कानांवर पडतात, म्हणून गोंधळते. आजीनं गावाहून वेखंड पाठवलं, मधात उगाळून जिभेला लावलं. नवस बोलला. शेवटी कुणीतरी बेरा तपासणी करायला लावली. बाळाला झोपवून डोक्याला तारा लावतात, कानात आवाज सोडतात आणि मेंदूपर्यंत काय पोचतं ते यंत्रावर बघतात. दोन्ही कानांचा निकाल वाईट आला.

डॉक्टरांनी त्या आईला विचारलं, "जन्मल्यावर पहिल्या तीन आठवड्यांत हिची सायटोमेगॅलोव्हायरसची तपासणी झाली होती का? टाचेचं रक्त घेतलेला कागद कुठे ठेवलाय का?" ती गोंधळून माझ्याकडे बघायला लागली. बाळंतपण माहेरी, विट्याजवळच्या गावाकडे झालेलं. तिथल्या दवाखान्यानं जन्माचा दाखला दिला, लसीचं कार्ड दिलं. कागद वगैरे काही नाही. मग आता तपासा, असं आम्ही म्हणालो. डॉक्टर म्हणाले, आता तपासून हा विषाणू सापडला तरी तो पोटातून आला की नंतर आईच्या दुधातून, हे सांगता येणार नाही. ते सांगायची मुदत एकवीस दिवसांची असते.

ते एकवीस दिवस तेव्हापासून माझ्या डोक्यातून जात नाहीत.

आपल्या घरांत बाळाचे पहिले एकवीस दिवस कसे जातात ते बघा. पाचवीला सटवाई येऊन कपाळावर नशीब लिहून जाते, म्हणून पाटा-वरवंटा पुजायचा, कोरा कागद आणि लेखणी ठेवायची. बाराव्या दिवशी बारसं. आत्या पाळण्याशी वाकते, 'कुर्रर्र' करते आणि बाळाच्या कानात नाव सांगते. त्यानंतर सव्वा महिना आई-बाळानं उंबरा ओलांडायचा नाही. या चालींत माया आहे, बाळंतिणीला विसावा आहे, आणि मी त्यांच्या विरोधात नाही. पण ज्या तीन आठवड्यांत विज्ञान या बाळाबद्दल एक गोष्ट खात्रीनं सांगू शकतं, नेमके तेच तीन आठवडे आपण दार लावून बसतो. दार उघडेपर्यंत मुदत संपलेली असते. आणि आमच्यासारख्या परमुलखात पोट भरणाऱ्यांचं तर आणखी वेगळं. बाळंतपण माहेरी, तीन-चार महिन्यांनी निजामुद्दीनला गोवा एक्स्प्रेसमधून उतरायचं, पुढचा डॉक्टर दिल्लीचा. गावच्या दवाखान्याला दिल्लीची खबर नाही, दिल्लीच्या दवाखान्याला गावची नाही.

हा विषाणू नागीण आणि कांजिण्या करणाऱ्या विषाणूचा भाऊबंद. थुंकी, लघवी, दूध यांतून पसरतो. आपल्या देशात दहापैकी नऊहून अधिक बायकांना तो लहानपणीच होऊन गेलेला असतो, बहुतेकींना कळतही नाही. अंगात तो कायम राहतो, निजलेला. गरोदरपणात तो पुन्हा जागा होऊ शकतो, किंवा त्याच विषाणूचा दुसरा वाण नव्यानं लागू शकतो, आणि वारेतून बाळापर्यंत जाऊ शकतो. बाधा झालेल्या दहा बाळांतलं साधारण एकच जन्मतः आजारी दिसतं. त्याचं डोकं लहान असतं, किंवा कावीळ, अंगावर ठिपके, वाढलेलं यकृत असं काहीतरी असतं. बाकीची नऊ गुटगुटीत. मात्र या गुटगुटीत बाळांतही शंभरातल्या दहा-पंधरांचं ऐकणं पुढे कमी होतं. काहींचं जन्मतःच, काहींचं वर्षा-दोन वर्षांनी. जनुकीय दोष बाजूला ठेवले तर लहान मुलांच्या बहिरेपणाचं हे सगळ्यात मोठं कारण आहे.

फार वर्षं आपल्याकडच्या डॉक्टरांनाही वाटायचं की भारतात या गोष्टीची काळजी नको, कारण आयांना आधीच संसर्ग झालेला असल्यानं बाळांना संरक्षण मिळतं. हा समज खोडून काढणाऱ्या कामातलं एक काम आमच्या घरापासून मेट्रोनं जाता येईल इतक्या अंतरावर झालं. फरिदाबादजवळच्या बल्लभगढला एम्सचं ग्रामीण आरोग्य केंद्र आहे. तिथल्या नवजात बाळांची तपासणी एम्सच्या डॉ. ललित दर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केली, आणि २००८ मध्ये निष्कर्ष छापले. जवळजवळ सगळ्या आयांना संसर्ग होऊन गेलेला होता, तरीही शंभरात दोन बाळं बाधित जन्मली होती. श्रीमंत देशांत हा आकडा शंभरात एकाच्याही खाली आहे. आपल्या देशात वर्षाला दोन कोटींहून जास्त बाळं जन्माला येतात. बल्लभगढच्या निम्मं, शंभरात एक, धरलं तरी वर्षाला दोन लाखांवर बाधित बाळं होतात. यातल्या कितीजणांना कुणी सांगतं?

आता त्या कागदाबद्दल. १९६०च्या सुमारास अमेरिकेतल्या बफेलो शहरात रॉबर्ट गथ्री नावाच्या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञानं तो रुजवला. त्यांचा मुलगा मतिमंद होता, आणि मेव्हणीच्या मुलीला फेनिलकीटोनुरिया हा आजार होता. हा आजार वेळेवर कळला तर नुसत्या आहारानं मेंदू वाचतो. घरातल्या दुःखातून त्यांनी अशी तपासणी काढली, जी जगातल्या कुठल्याही खेड्यातून टपालानं पाठवता येईल. टीपकागदासारख्या जाड कागदावर छापलेली वर्तुळं असतात. बाळाची टाच आधी कोमट कापडानं शेकायची. टाचेच्या कडेला, मधोमध नव्हे, छोटीशी टोच द्यायची. पहिला थेंब पुसायचा. दुसरा मोठा होऊन लोंबायला लागला की कागद अलगद टेकवायचा. रक्त मागच्या बाजूपर्यंत पाझरलं पाहिजे. एका वर्तुळावर दोनदा टेकवायचं नाही. मग कागद आडवा ठेवून तीन-चार तास सावलीत वाळवायचा. उन्हात नाही, हीटरवर नाही, एकावर एक रचून तर मुळीच नाही. वाळला की तांबडा डाग विटकरी होतो. ओल शोषणाऱ्या पुडीसह पाकिटात घातला की झालं. बाळ तेवढ्यात रडून, दूध पिऊन झोपलेलंही असतं.

प्रयोगशाळेत त्या डागातून तीन मिलिमीटरची टिकली पाडतात, ज्वारीच्या दाण्याएवढी. एका बाळाची टिकली पाडली की दुसऱ्याची पाडण्याआधी कोऱ्या कागदावर यंत्र चालवतात, म्हणजे आधीचं रक्त पात्याला राहत नाही. टिकल्या द्रावणात भिजवून, तापवून त्यातला डीएनए सोडवतात. मग पीसीआर. कोविडमध्ये तो शब्द घरोघरी पोचला, त्यामुळे समजवायला सोपं झालंय. विषाणूच्या डीएनएचा ठरलेला तुकडा असला तर तो यंत्रात पुन्हा पुन्हा दुप्पट होत जातो आणि दिसू लागतो. नसला तर काहीच वाढत नाही. केरातून सोनं काढणाऱ्या माणसांना हे नवीन वाटू नये. थोडं आहे म्हणून नाही असं होत नाही, काढायची रीत बरोबर लागते.

या तपासणीच्या मर्यादाही सांगते, नाहीतर प्रबोधनाच्या नावाखाली मीही अंधश्रद्धाच पसरवीन. नवजात बाळाच्या रक्तात हा विषाणू कधीकधी फार थोडा असतो, थुंकीत आणि लघवीत पुष्कळ. २०१० साली अमेरिकेत वीस हजारांहून अधिक बाळांचा अभ्यास छापून आला. त्यात कागदावरच्या रक्तानं जेमतेम तिसरा हिस्सा बाळं पकडली, आणि अनेकांनी हा नाद सोडून दिला. मग पद्धती सुधारल्या. मिनेसोटा राज्यात १२,५५४ बाळं तपासली, त्यातली ५६ बाधित होती, आणि कागदानं त्यातली साधारण तीन-चतुर्थांश ओळखली. हे २०२१ मध्ये छापून आलं, आणि फेब्रुवारी २०२३ पासून त्या राज्यात प्रत्येक बाळाचा कागद या विषाणूसाठी तपासला जातो. कॅनडातल्या ओंटारिओनं २०१९ पासूनच सुरुवात केली होती. तरी चारातलं एक बाळ निसटतंच. म्हणून कागद स्वच्छ आला तर 'विषाणू नाही' असं समजायचं नाही, 'सापडला नाही' असं समजायचं. एकवीस दिवसांच्या आत असाल तर थुंकी-लघवीची तपासणीच जास्त खात्रीची.

मग कागद कशाला? कारण थुंकीला मुदत आहे आणि कागदाला नाही. वर्षा-दोन वर्षांनी मूल बोलेना, तेव्हा मागे जाऊन बघायला दुसरी वाट उरत नाही. जन्माच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवसाचा तो थेंब तसाच असतो. स्वीडन १९७५ पासून आपल्या बाळांचे कागद सांभाळून ठेवतं, डेन्मार्क १९८२ पासून.

"कळून तरी काय झालं असतं?" हा प्रश्न आमच्या गल्लीत मला पाच-सहाजणांनी विचारला, आणि तो रास्त आहे. जन्मतः लक्षणं असलेल्या बाळांसाठी औषध आहे, वालगॅन्सिक्लोविर. ते पहिल्या महिन्यात सुरू करून सहा महिने दिलं तर ऐकण्यात आणि भाषेत काहीसा फायदा दिसतो, असं २०१५ मध्ये छापलेल्या चाचणीत आढळलं. त्यानं पांढऱ्या पेशी घटतात, सारखं रक्त तपासावं लागतं, म्हणून ते सरसकट कुणाला देत नाहीत. मला महत्त्वाची वाटते ती दुसरी गोष्ट. जन्मल्यावर कानाची ओएई तपासणी ज्या दवाखान्यांत करतात, तिथे 'पास' लिहून आलं की घर निर्धास्त होतं. हा विषाणू असलेलं बाळ आज पास होऊन वर्षानं ऐकणं गमावू शकतं. विषाणू आहे एवढं ठाऊक असेल तर दर काही महिन्यांनी कान तपासले जातील. कमी झालं की लगेच यंत्र बसेल, भाषा सुरू होईल. पहिल्या महिन्यात चाळणी, तिसऱ्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत उपाय, असं जगभर कान तपासणारे मानतात. आमच्या शेजारणीच्या मुलीला यंत्र लागलं तेव्हा ती विसाव्या महिन्यात होती.

तिच्या आईला घरात काय काय ऐकावं लागलं, ते मी भिंतीपलीकडून ऐकलंय. ग्रहणात भाजी चिरलीस का? सातव्या महिन्यात कुठे वाकडंतिकडं पाऊल टाकलंस? तुझ्या माहेरी कुणी मुकं होतं का? 'व्हायरस' हा शब्द घरात आला तेव्हा तर आणखी एक शंका आली, जी मी इथे लिहिणार नाही, पण प्रत्येक बाईला कळेल. या विषाणूचा आणि चारित्र्याचा काडीचा संबंध नाही. तो बहुतेकींना त्या स्वतः रांगत असताना लागलेला असतो, त्यांच्या आईच्या दुधातून, भावंडांच्या लाळेतून. ज्या सासूनं तो प्रश्न विचारला, तिच्याही अंगात तो असणार.

उष्ट्याबद्दल मात्र बोललंच पाहिजे. दीड-दोन वर्षांच्या मुलांच्या लाळेत आणि लघवीत हा विषाणू महिनोन्‌महिने असतो. आणि आपल्याकडे पोराच्या ताटातलं उरलेलं कोण खातं? दुसऱ्यांदा गरोदर असलेली त्याची आई. अन्न टाकू नये म्हणून, किंवा सगळ्यांची पंगत उठल्यावर तिच्या वाट्याला तेवढंच उरतं म्हणून. हात धुवा, पोराचा चमचा तोंडात घालू नका, लंगोट बदलल्यावर साबण लावा, हे डॉक्टर सांगतील. तिला गरम, ताजं, स्वतःच्या ताटात वाढा, हे सांगायचं काम घरातल्या माणसांचं आहे. पुरुषांनी ते ऐकावं. हा सल्ला पाळून धोका कमी होतो, शून्य होत नाही. म्हणून पुढे बाळाला काही झालंच तर 'उष्टं खाल्लंस म्हणून' असं तिला ऐकवण्याचा हक्कही कुणाला मिळत नाही.

सरकारबद्दल माझं म्हणणं स्पष्ट आहे. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे महाराष्ट्रात शंभरातली जवळपास ९५ बाळंतपणं दवाखान्यात होतात. एकेकाळी हे स्वप्न होतं. आनंदीबाई जोशींचं बाळ दहा दिवसांत गेलं, त्या चौदा वर्षांच्या होत्या, आणि त्या दुःखानं त्यांना डॉक्टर केलं. आज आई दवाखान्यात आहे, बाळ दवाखान्यात आहे, परिचारिका उभी आहे, आणि एक थेंब कागदावर उतरत नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्या पालघरमधून झाली. त्याच्या यादीत जन्मजात बहिरेपण आहे, जिल्ह्याच्या ठिकाणी शीघ्र हस्तक्षेप केंद्रं आहेत. गोव्यानं २००८ मध्येच बाळांच्या टाचेचं रक्त चयापचयाच्या आजारांसाठी तपासायला सुरुवात केली होती. करोल बागेला लागून असलेल्या राजिंदर नगरच्या सर गंगाराम रुग्णालयात डॉ. आय. सी. वर्मांसारखी माणसं नवजात तपासणीची गरज वर्षानुवर्षं मांडत आली. म्हणजे ज्ञान आहे, माणसं आहेत, चौकट आहे. उद्याच्या उद्या प्रत्येक बाळाचा पीसीआर करा, असं मी म्हणत नाही. त्याला पैसा लागेल, आणि क्षयाच्या, कुपोषणाच्या तोंडचा घास काढून तो मला नको. पण कागद घ्या, वाळवा, पाच वर्षं सांभाळा. त्याचा क्रमांक लसीच्या कार्डावर लिहा, म्हणजे बाई विट्यात असो की दिल्लीत, कागद शोधता येईल. आणि कानाच्या तपासणीत जे बाळ नापास होईल, त्याची थुंकी घरी सोडण्याआधी तपासा. सगळ्या गावाची नाही, फक्त नापास झालेल्यांची.

कागद सांभाळायचा तर विश्वासही सांभाळावा लागेल. अमेरिकेतल्या टेक्सास राज्यानं आई-बापांना न विचारता असे कागद संशोधनाला दिले. पालक कोर्टात गेले, आणि पन्नास लाखांहून जास्त कागद नष्ट करावे लागले. कुणाचाच फायदा झाला नाही. आपल्याकडे तर एका मुलीच्या कागदावरची नोंद वीस वर्षांनी तिच्या लग्नात आडवी येऊ शकते. म्हणून आईला तिच्या भाषेत सांगून, तिची सही घेऊन कागद घ्यावा. कशासाठी वापरणार, कुणाला देणार नाही, केव्हा नष्ट करणार, हे त्यावर लिहिलेलं असावं. प्रसूतीच्या कळा चालू असताना पुढे केलेल्या कोऱ्या फॉर्मवरचा अंगठा म्हणजे संमती नव्हे. सातव्या-आठव्या महिन्यात आशाताई घरी येतात, तेव्हा निवांत सांगता येतं.

आणि मुलगी बहिरी निघाली तर? तर ती बहिरी मुलगी आहे, शाप नाही. कानामागे यंत्र लावून, कॉक्लियर इम्प्लांट करून किंवा खुणांच्या भाषेतून ती शिकेल, भांडेल, हसेल. इम्प्लांटसाठी केंद्राच्या योजनेत मदत मिळते, वांद्र्याचं अली यावर जंग संस्थान त्या योजनेचं काम बघतं, पण वयाची अट आहे, म्हणून तिथेही उशीर नडतो. मुलाचं खरं नुकसान भाषेवाचून गेलेल्या वर्षांत होतं. ती वर्षं बहिरेपणानं नेलेली नसतात, आपण नेलेली असतात.

शेजारची ती मुलगी आता तीन वर्षांची होत आली. कानामागे गुलाबी यंत्र असतं, आंघोळीला काढलं की ती परत द्या म्हणून हात पुढे करते. पंचवीस-तीस शब्द बोलते. माझ्या नावातलं 'स' तिला येत नाही.

गेल्या महिन्यात गल्लीतली दुसरी एक सून माहेरी बाळंत झाली. जाण्याआधी मी तिच्या फाइलच्या मागे दोन ओळी लिहून दिल्या होत्या, टाचेचा कागद घेतात का विचार, आणि कान तपासल्याशिवाय घरी जाऊ नकोस. बारशाच्या दिवशी दुपारी तिचा फोन आला, मागे पाळण्याचं गाणं चालू होतं. "काकू, कागद आमच्याकडे नसतो म्हणाले. कान तपासला. एका कानाला 'रेफर' म्हणजे नापास आलंय, महिन्यानं परत या म्हणतात." तिला म्हटलं, महिन्यानं कान पुन्हा तपासायचाच आहे, पण थुंकीला तोवर थांबता येत नाही. उद्या मिरजेला जा. बाळाला दूध पाजून तासभर गेला की मगच थुंकी घ्यायला सांग, नाहीतर दुधातला विषाणू त्यात येतो. लघवीचीही तपासणी करायला सांग. ती म्हणाली, सासूबाई सव्वा महिना बाहेर पडू देणार नाहीत. मी म्हटलं, फोन त्यांच्याकडे दे.

बाळ बारा दिवसांचं होतं. नऊ दिवस हातात होते.